वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियम बघायला जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मेरिलँडला राहतो, त्यामुळे उन्हाळा आला की भारतातून कोणी ना कोणी आमच्याकडे असतंच, कधी सासूबाई, कधी आत्या, कधी मैत्रिणीचे आईवडील, आणि सगळ्यांना वॉशिंग्टन दाखवायचं असतं. मी होलोकॉस्ट म्युझियमला आत्तापर्यंत सात वेळा गेलेय. दर वेळी मंडळी तेच प्रश्न विचारतात, फोनवर पण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

हे म्युझियम नक्की कशाचं आहे आणि कुठे आहे?

1933 ते 1945 या काळात नाझी जर्मनीने आणि त्यांच्या साथीदारांनी युरोपातल्या 60 लाख ज्यूंना ठरवून मारलं, म्हणजे युरोपात होते त्यातले तीनातले दोन. त्या संहाराला होलोकॉस्ट म्हणतात. बरेच ज्यू लोक ‘शोआ’ हा हिब्रू शब्द वापरतात, कारण होलोकॉस्ट या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ अग्नीत पूर्ण जाळलेला बळी असा आहे आणि हा काही कोणी देवाला दिलेला बळी नव्हता. म्युझियम 1993 च्या एप्रिलमध्ये उघडलं. वॉशिंग्टन मॉन्युमेंटपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, मेट्रोने येणार असाल तर स्मिथसोनियन स्टेशनला उतरा. इमारतीच्या एका बाजूच्या रस्त्याला राऊल वॉलेनबर्गचं नाव दिलंय. हा स्वीडनचा डिप्लोमॅट, 1944 मध्ये बुडापेस्टमध्ये त्याने हजारो ज्यूंना स्वीडिश संरक्षणाची कागदपत्रं देऊन वाचवलं, आणि जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला पकडून नेलं तो परत आलाच नाही. मी सगळ्यांना आत जायच्या आधी त्या पाटीपाशी एक मिनिट थांबवते.

तिकीट लागतं का?

प्रवेश फी नाहीये, पण वेळ ठरलेलं तिकीट आधी ऑनलाइन काढायला लागतं आणि त्याला अगदी नाममात्र चार्ज पडतो. मार्च ते ऑगस्ट प्रचंड गर्दी, शाळांच्या सहली असतात, तेव्हा आदल्या दिवशी बघू म्हणून बसू नका. योम किप्पूर (ज्यूंचा उपासाचा मोठा दिवस) आणि ख्रिसमसला बंद. दारात बॅग चेकिंग कडक असतं, कोणी कुरकुर केली तर मी त्यांना सांगते की 10 जून 2009 ला एका वंशद्वेष्ट्या माणसाने इथे येऊन बंदूक चालवली आणि त्यात इथला सुरक्षारक्षक गेला, तो रक्षक त्या म्हाताऱ्या माणसासाठी दार उघडत होता.

एकाच दिवसात व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल, स्पेस म्युझियम आणि हे असं होईल का?

नका करू. खरंच नका करू. पहिल्या वेळी आम्ही हेच केलं, सकाळी रॉकेटं बघितली, दुपारी दीड तासात हे उरकलं आणि संध्याकाळी जेवायला गेलो तर टेबलावर कोणी बोलेचना, आणि मला नंतर कित्येक दिवस असं वाटत राहिलं की आपण कोणाच्या तरी घरी दुःखाला जाऊन घड्याळ बघत बसलो. अर्धा दिवस द्या, सकाळचा द्या, आणि त्यानंतर काहीही ठेवू नका.

सगळे म्हणतात इमारतच बघण्यासारखी आहे, म्हणजे काय बघायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण बहुतेक लोक इमारतीतून नुसते चालत आत जातात आणि मग वस्तू बघायला लागतात, पण वस्तू सुरू व्हायच्या कितीतरी आधी इमारत बोलायला लागलेली असते.

आर्किटेक्ट जेम्स इंगो फ्रीड. जन्म 1930 चा, जर्मनीतल्या एसेन गावचा, ज्यू घरातला, आणि 1939 मध्ये लहान बहिणीबरोबर अमेरिकेला निसटलेला मुलगा. काम हातात आल्यावर त्यांना आधी डिझाइन सुचेचना. मग ते, नाझींनी जिथे माणसं कोंडली आणि मारली त्या पोलंडमधल्या छावण्या बघून आले आणि तिथून विटा, लोखंड, मनोरे, कुंपण, फाटकं हे सगळं डोक्यात घेऊन आले, पण त्याची हुबेहूब नक्कल त्यांनी कुठेच केली नाही. म्हणजे तुम्हाला ‘ही छावणी आहे’ असं कोणी सांगत नाही, फक्त काहीतरी बिनसलंय असं वाटत राहतं.

14 व्या स्ट्रीटच्या बाजूने आत जा. समोर चुनखडी दगडाचा गोलाकार, एकदम सरकारी थाटाचा दर्शनी भाग आहे, आजूबाजूच्या ऑफिसांना शोभेल असा. त्याच्या खालून आत शिराल तेव्हा मान वर करा. वर छप्परच नाहीये, आभाळ दिसतं. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. तो सगळा रुबाबदार भाग म्हणजे एक पडदा आहे. मला ते फार लागलं, कारण 1933 मध्ये सुद्धा हे सगळं सही-शिक्क्यांनी, कायद्याने, नीटनेटक्या ऑफिसांतूनच सुरू झालं होतं.

आतला मोठा हॉल म्हणजे हॉल ऑफ विटनेस. तीन मजले उंच, विटांच्या भिंती, वर काचेचं छत, आणि ते छत पिळल्यासारखं तिरकं गेलंय, खालच्या फरशीशी जुळतच नाही. विटांवर लोखंडी पट्ट्या आवळल्यात आणि मोठे बोल्ट मारलेत. मला आधी वाटलं हे कारखान्यासारखं दिसायला केलंय, नंतर कळलं की छावण्यांमधल्या भट्ट्या सतत जाळून फुगायच्या म्हणून त्यांना असे पट्टे आवळायचे, आणि ती आठवण आहे ही. शेवटच्या टोकाला जिना आहे तो वर जाताना अरुंद होत जातो, खालून बघितलं तर रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकत्र होतात ना तसं दिसतं, आणि वरचं दार ऑशविट्झ-बिर्केनाऊ छावणीच्या फाटकाची आठवण करून देतं. आमच्याबरोबर एकदा एक सिव्हिल इंजिनिअर काका होते, ते बराच वेळ खाली उभे राहून म्हणाले, “अगं, इथे एकही गोष्ट गुण्यात नाहीये.” अगदी बरोबर शब्द. गवंडी ओळंबा लावून गुण्यात आणतो ते सगळं इथे मुद्दाम सोडून दिलंय.

आणि एक, वरच्या मजल्यांवर दोन भागांना जोडणारे काचेचे पूल आहेत. घाईत लोक सरळ ओलांडतात. थांबून काच बघा, त्यावर अक्षरं कोरलीत, एकीकडे उद्ध्वस्त झालेल्या गावांची नावं, दुसरीकडे माणसांची फक्त पहिली नावं. आडनाव नाही. हाक मारायचं नाव फक्त.

आयडी कार्ड देतात म्हणे, ते काय?

सुरुवातीला पासपोर्टसारखी एक छोटी पुस्तिका घेता येते, त्यात एका खऱ्या माणसाची गोष्ट असते, फोटो, गाव, घरात कोण कोण होतं, आणि युद्धात त्या माणसाचं पुढे काय झालं. मी सगळ्यांना सांगते शेवटचं पान आधी उघडू नका, एकेक मजला झाला की एकेक पान वाचा.

आत काय क्रमाने बघायचं असतं?

लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर नेतात आणि मग खाली खाली उतरत यायचं. लिफ्ट राखाडी लोखंडी आहे, दरवाजे जड, आणि वर जाताना छोट्या स्क्रीनवर छावणी सापडली तेव्हाचं एका अमेरिकन सैनिकाचं बोलणं ऐकू येतं. दार उघडतं आणि समोर भिंतभर फोटो, ओरड्रुफ छावणीत जळालेल्या प्रेतांसमोर उभे असलेले अमेरिकन सैनिक. 12 एप्रिल 1945 ला सेनापती आयझेनहॉवर स्वतः तिथे गेले होते, पुढे कोणी म्हणालं की हा सगळा प्रचार आहे तर आपण डोळ्याने बघितलंय असं सांगता यावं म्हणून, त्यांचं ते म्हणणं इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलंय.

चौथा मजला 1933 ते 1939, तिसरा 1940 ते 1945, दुसरा शेवट आणि सुटकेनंतरचा काळ. लोक तिसऱ्या मजल्याच्या ओढीने चौथा पटपट उरकतात, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे एकही गॅस चेंबर नाही. तिथे काय आहे, तर 30 जानेवारी 1933 ला हिटलर चान्सलर झाला, 1 एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, 10 मेला विद्यापीठांच्या पोरांनी पुस्तकं जाळली, 1935 ला न्यूरेंबर्गचे कायदे झाले आणि ज्यूंचं नागरिकत्व गेलं, नोव्हेंबर 1938 मध्ये एका रात्रीत देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, पेटवली. एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला शेजारी होते बघायला. 1938 लाच फ्रान्समधल्या एव्हियनला 32 देश जमले होते या निर्वासितांचं काय करायचं ठरवायला, आणि जवळपास सगळ्यांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. पुढच्या वर्षी सेंट लुईस जहाज 937 प्रवासी घेऊन हवानाला गेलं, उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही घेतलं नाही, परत युरोपला गेलं, आणि त्यातले 254 जण पुढे मारले गेले. हे अमेरिकेच्या राजधानीतल्या म्युझियममध्ये लिहिलेलं आहे, हे मला फार मोठं वाटतं.

ते फोटोंचं टॉवर कुठे येतं?

वाटेत दोनदा येतं, वरून एकदा आणि खालच्या मजल्यावर एकदा. एईशिशोक नावाचं लिथुआनियातलं छोटं गाव, तिथे जवळजवळ 900 वर्षं ज्यू राहत होते. सप्टेंबर 1941 मध्ये दोन दिवसांत नाझींच्या पथकाने आणि स्थानिक साथीदारांनी गावातले जवळपास सगळे ज्यू गोळ्या घालून मारले. त्या गावच्या याफा एलियाख, लहानपणी वाचल्या आणि मोठेपणी इतिहासकार झाल्या, त्यांनी जगभर फिरून गावातल्या लोकांचे फोटो गोळा केले आणि त्यातले हजारावर फोटो इथे उंच धुराड्यासारख्या जागेत चारी बाजूंनी लावलेत. फोटोत काय आहे तर काहीच भयानक नाही. लग्नातला ग्रुप, सायकल घेऊन उभा मुलगा, बर्फात हसणाऱ्या मैत्रिणी, बाळाला टबात बसवलंय. आपल्या घरच्या अल्बममधले फोटो आणि हे यात काय फरक हो. सासूबाई तिथे म्हणाल्या, “ही बघ, अगदी आपली शालू,” आणि पुढचे दोन मजले त्या शालूमावशीबद्दलच बोलत होत्या.

रेल्वेच्या डब्यातून जायलाच लागतं का? आणि बूट कुठे आहेत?

डबा तिसऱ्या मजल्यावर. पोलंडहून आणलेला खरा मालडबा आहे, ज्या प्रकारच्या डब्यांतून माणसं छावण्यांत नेली त्या प्रकारचा. इतका मोठा की इमारत बांधून व्हायच्या आधीच क्रेनने आत ठेवून घेतला. कोणाला आत जायला नको वाटलं तर बाजूने वाट आहे, कोणी काही म्हणत नाही. आत काही नाहीये, लाकडी फळ्या आणि अंधार, इतकंच. 80 ते 100 माणसं कोंबायचे, दिवसेंदिवस, पाणी नाही. मी मुंबईची, लोकलच्या गर्दीत वाढलेली, आणि मला वाटलं होतं की मला त्या गर्दीची कल्पना करता येईल. पण आपल्याला ठाऊक असतं ना की ठाणे येणार आहे.

डब्याच्या पुढे ऑशविट्झमधून आणलेल्या रोजच्या वस्तूंचा ढीग आहे. कात्र्या, गाळण्या, दाढीचे ब्रश, चमचे, छत्र्या, आणि किसण्या. माझी आई त्या किसणीपाशी थांबली ती हलेना. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, “किसणी कोण घेऊन जातं गं? जिला वाटतंय की तिकडे गेल्यावर स्वयंपाक करायचाय, ती घेऊन जाते.” मी ते म्युझियम चार वेळा बघितलं होतं आणि मला ती किसणी दिसलीच नव्हती. त्यांना सांगितलं होतं की दुसऱ्या गावी वस्तीला नेतोय, सामान घ्या, आणि कोणीतरी खरंच स्वयंपाकघर बांधून घेतलं होतं.

बुटांची खोली त्याच मजल्यावर. मायदानेक छावणीत सापडलेले सुमारे 4,000 बूट दोन्ही बाजूंना, मधून अरुंद वाट. एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, तिथे वास येतो. जुन्या चामड्याचा, रबराचा, कोंदट. सगळे बूट एकाच राखाडी रंगाचे झालेत, पण दोन मिनिटं डोळे स्थिर ठेवले की वेगळे दिसायला लागतात, एक बाईची टाचेची चप्पल, एक बक्कल असलेला सँडल, एक इतका छोटा की माझ्या तळहातावर मावेल.

बायकांचे कापलेले केस मात्र इथे ठेवलेले नाहीत, फक्त फोटो आहे. वाचलेल्या काही बायकांनी म्हटलं होतं की ते केस आमच्या आईचे असू शकतात, इथे मांडू नका, आणि म्युझियमने ऐकलं.

तुम्हाला स्वतःला कुठली वस्तू सगळ्यात जास्त लक्षात राहिली?

दुधाचा कॅन. आपल्याकडे डेअरीवाल्याकडे असतो तसाच, गंजलेला. वॉर्सा घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने लोकांना हाताशी धरून गुपचूप सगळी नोंद ठेवली, डायऱ्या, रेशनकार्डं, मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं, आणि ते सगळं लोखंडी पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. 1946 ला पेट्या सापडल्या, 1950 ला दोन कॅन, आणि तिसरा साठा अजून सापडलेला नाही. 1944 मध्ये रिंगेलब्लुमला बायको-मुलासकट मारलं. मरण समोर दिसत असताना बसून निबंध गोळा करणारी ही माणसं, मला त्या कॅनसमोर दर वेळी हात जोडावेसे वाटतात, आणि एकदा जोडले पण.

लहान मुलांना नेऊ का?

मुख्य प्रदर्शन 11 वर्षांच्या वरच्या मुलांसाठी आहे असं म्युझियमच सांगतं. सगळ्यात भीषण फिल्म्स उंच कठड्यांच्या आड ठेवल्यात म्हणजे छोट्यांना सहज दिसू नयेत. आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी खाली डॅनियल नावाच्या मुलाच्या गोष्टीचं वेगळं प्रदर्शन आहे, त्याचं घर, मग घेट्टोतली खोली, मग छावणी, मुलं हाताने ड्रॉवर उघडून बघतात. माझी लेक नऊची असताना तेवढंच दाखवलं. तिने गाडीत विचारलं, त्याच्या मित्रांनी काय केलं? मला उत्तर देता आलं नाही, आम्ही दोघी गप्प होतो. खाली टाइल्सची भिंतही आहे, अमेरिकन शाळकरी मुलांनी रंगवलेल्या 3,000 च्या वर टाइल्स, मारल्या गेलेल्या सुमारे 15 लाख मुलांच्या आठवणीत.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, इंग्लिशही फार येत नाही, जमेल का?

जमतं. लिफ्ट आहेत, बाकं आहेत, व्हीलचेअर मिळते. भाषेचं म्हणाल तर आदल्या संध्याकाळी चहा पिताना अर्धा तास मराठीत गोष्ट सांगा, नकाशा दाखवा, आणि आत गेल्यावर सारखं भाषांतर करू नका. त्यांना बघू द्या. किसणी माझ्या आईला दिसली, पाट्या वाचणाऱ्या मला नाही.

गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट आहे, काढू का?

आत नाझींचं चिन्ह जागोजागी दिसेल, तेव्हा आपल्याकडच्यांना पहिल्यांदा गोंधळायला होतंच. आपलं स्वस्तिक उंबऱ्यावरचं, कलशावरचं, शुभ, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यांनी 1920 मध्ये ते पक्षासाठी उचललं यात आपला दोष नाही. तरी मी सांगते की त्या दिवसापुरतं लॉकेट कपड्याच्या आत ठेवा, कारण तिथे कधीकधी छावणीतून वाचलेले वृद्ध लोक स्वतः टेबलाशी बसून लोकांशी बोलतात, आणि नव्वदीच्या माणसाला आपण उंबऱ्यापासून समजावत बसायचं का? असे कोणी भेटले तर मात्र नक्की बोला, पुढच्या काही वर्षांत ही संधी राहणार नाही.

याच्याच जोडीला एक, आमच्या ओळखीतले एक गृहस्थ हॉलमध्ये मोठ्याने म्हणाले होते की काही म्हणा, हिटलरने शिस्त लावली. आपल्याकडे हे सर्रास बोलतात, कडक सरांना पण हिटलर म्हणतो आपण, मीही म्हणायचे. ते गृहस्थ तिसऱ्या मजल्यानंतर स्वतःच म्हणाले की मला काही माहीतच नव्हतं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मी तो शब्द आता कोणासाठीच वापरत नाही.

फक्त ज्यूंबद्दलच आहे का?

मुख्य ते, पण रोमा लोक, अपंग आणि मनोरुग्ण, पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी, समलिंगी पुरुष, यहोवा विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचे लोक, सगळ्यांचं आहे. अपंगांचं नीट वाचा. त्यांना मारायला डॉक्टरच होते, आणि गॅसचा प्रयोग आधी त्यांच्यावर झाला. वाचवणाऱ्यांचंही आहे, डेन्मार्कच्या लोकांनी 1943 मध्ये 7,000 च्या वर ज्यूंना छोट्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं, त्यातली एक होडी ठेवलीये.

आपल्याकडच्या ज्यूंचं काय? आणि कोल्हापूरजवळ छावणी होती ती हीच ना?

आपले बेने इस्राएल, अलिबागकडचे शनिवार तेली, घरात मराठी बोलणारे, त्यांना इथे कधी असा छळ सोसावा लागला नाही. युरोपातून पळालेले काही जण मात्र मुंबईला आले. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, जर्मनीचे रूडी फॉन लायडन, यांनीच पुढे हुसेन, रझा, आरा या तरुण चित्रकारांना आधार दिला.

कोल्हापूरजवळची छावणी म्हणजे वळिवडे, ते वेगळं. तिथे 1943 ते 1948 सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक कॅथलिक बायका-मुलं, आणि त्यांना स्टालिनच्या राजवटीने सैबेरिया-कझाकस्तानला हाकललं होतं. त्यांचं दुःख खरंच आहे, पण ते होलोकॉस्टमधून सुटलेले नव्हेत, लोक दोन्ही एकत्र करतात.

फोटो काढले तर चालतात का?

फ्लॅश अजिबात नको. सेल्फी तर डब्यापाशी आणि बुटांपाशी कृपा करून नकोच.

शेवटी कुठे बसता येतं?

हॉल ऑफ रिमेंबरन्समध्ये. सहा बाजूंची मोठी रिकामी खोली, वरून उजेड, एक अखंड ज्योत, तिच्याखाली छावण्यांतून आणलेली माती. भिंतींच्या कडेला मेणबत्त्या लावता येतात. कोपऱ्यांत अरुंद फटी आहेत त्यातून बाहेरचं वॉशिंग्टन दिसतं, मॉन्युमेंटची चीर दिसते, बस जाताना दिसते. कोणी बोलत नाही. रडू आलं तर येऊ द्या, तिथे कोणी बघत नाही. नंतर बाहेर पडून टायडल बेसिनच्या पाण्याकडे चालत जा, दहा मिनिटं आहे.

आयडी कार्ड परत द्यायचं असतं का?

नाही, घरी नेता येतं. आईने तिचं नेलं. तिच्या कार्डावर हंगेरीतली एक बाई होती, दोन मुलांची आई, छावणीत गेलेली. ठाण्याला आईच्या कपाटात, जिथे बँकेचं पासबुक आणि आजीचा एकुलता फोटो आहे, त्या पिशवीत ते कार्ड आहे, आणि मागच्या दिवाळीत कपाट आवरताना मी बाजूला काढून ठेवलं तर तिने उचलून परत आत ठेवलं.